तीन मिनिटे उशिरा

मित्रांनो, मी एक जुनी घंटी आहे. शाळेतली नाही, सायकलची नाही आणि बोट लागताच किंचाळणाऱ्या दारावरच्या घंट्यांपैकी तर मुळीच नाही. मी उशिरा वाजणारी घंटी आहे. तुम्ही कुठे उशिरा पोचलात तर बोलणी खाता. मला मात्र उशीर करण्यासाठीच मुद्दाम घडवले होते. बरोबर तीन मिनिटे उशीर. एक सेकंद कमी नाही, एक जास्त नाही. येत्या सोमवारी मला भिंतीवरून उतरवणार आहेत, म्हणून माझी हकिगत आजच सांगून टाकते. ती गोड नाही. मला गोड बोलता येत नाही, माझा आवाज ऐकलात तर तुम्हाला लगेच पटेल.

माझी सुरुवात अगदी साधी झाली. घड्याळे दुरुस्त करणाऱ्या एका काकांच्या दुकानात मी टेबलावर बसलेली असे. गिऱ्हाईक आले की माझ्या डोक्यावर टपली मारी आणि मी ओरडे. काका कानाने थोडे मंद, त्यामुळे गिऱ्हाईक दुसरी टपली मारी, मग तिसरी. डोके खाऊन घेण्याचा धंदा होता तो. एके दिवशी मागच्या गल्लीतल्या प्रसूतिगृहाच्या मोठ्या बाई दुकानात आल्या. मोठ्या बाई म्हणजे तिथल्या सगळ्या सिस्टरांच्या वरच्या. त्या म्हणाल्या, "काका, मला एक आळशी घंटी हवी आहे."

काकांना वाटले, आपल्याला नीट ऐकू आले नाही. पण बाईंना खरोखर तसलीच घंटी हवी होती.

त्या वर्षी नवा कायदा आला होता. एखाद्या आईला आपले नुकतेच जन्मलेले बाळ सांभाळणे कोणत्याही कारणाने शक्य नसेल, तर तिने ते कुठेही टाकून जाऊ नये, इस्पितळात सुखरूप ठेवावे, एवढीच कायद्याची अट होती. बाळाच्या अंगावर इजा नसेल तर तिला कोणी नाव विचारायचे नाही, गाव विचारायचे नाही, पोलिसात द्यायचे नाही. तीस दिवसांत तिचे मन बदलले तर ती पुढच्या दाराने येऊन बाळ परत मागू शकत होती. यासाठी मोठ्या बाईंनी प्रसूतिगृहाच्या मागच्या भिंतीत एक खिडकी पाडून घेतली. बाहेरून पत्र्याचे दार, आत मऊ गादी आणि ऊब राहावी म्हणून वर एक दिवा. गादीवर वजन पडले की आत सिस्टरांच्या खोलीत घंटी वाजायची. पण ती लगेच वाजून चालणार नव्हते. आई अजून खिडकीशीच उभी असताना आतून माणसे धावत आली, तर नाव न विचारण्याला काय अर्थ राहिला?

किती उशीर करायचा हे मोठ्या बाईंनी अंदाजाने ठरवले नाही. काका ही गोष्ट पुढे प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगत, म्हणून मला ती पाठ आहे. आदल्या दिवशी बाळंत झालेली एक बाई होती. चौथी खेप, भारी बोलकी. तिला बाईंनी गल्लीत आणले आणि म्हणाल्या, "खिडकीपासून त्या वळणापर्यंत चालून दाखव. उगाच शूरपणा करू नकोस, जमेल तशी चाल." काका हातात घड्याळ धरून तिच्या मागे मागे. ती दोनदा भिंतीला टेकली, एकदा पोट धरून उभी राहिली, आणि "बघताय काय, तुम्ही बाळंत व्हा म्हणजे कळेल" असे काकांना सुनावून पुढे गेली. वळण गाठले तेव्हा दोन मिनिटे चाळीस सेकंद झाली होती.

"मग दोन चाळीस लावू?" काकांनी विचारले.

"तीन लावा," मोठ्या बाई म्हणाल्या. "निघण्याआधी वीस सेकंद ती उभी राहील."

"कशाला?"

बाईंनी त्या बाळंतिणीला हाताला धरून आत नेले.

काकांनी माझ्या पोटात गजराच्या जुन्या घड्याळाची चाके बसवली. माझी टिकटिक कोणाच्या कानावर पडू नये, म्हणून डब्याला आतून जुन्या लोकरी टोपीचे अस्तर लावले. उशीर कमीजास्त करण्यासाठी बाजूला एक स्क्रू ठेवला, आणि तीन मिनिटांच्या जागी दाभणाने बारीक रेघ ओढली. एक गोष्ट लक्षात ठेवा, ती पुढे लागेल. एकदा गादीवर वजन पडून माझी चाके फिरू लागली की ती थांबत नाहीत. मग वजन राहो की उचलले जावो, मी वाजणारच.

मला डोळे नाहीत. माझ्या पोटातून निघालेली तार भिंतीतून खिडकीपर्यंत जाते आणि गल्लीतले आवाज त्या तारेवरून माझ्याकडे येतात. माणसे मी पावलांवरून ओळखते. गल्लीत पलीकडे लाकडाची वखार आहे, इकडे प्रसूतिगृहाची लांब भिंत, आणि टोकाला ते वळण. तुम्हाला वाटेल, बायका अंधार पडल्यावर येत असतील. छे! अवेळी बाहेर पडणाऱ्या बाईकडे सगळे बघतात. त्या भर दुपारी येत, घरची माणसे जेवून आडवी झालेली असत तेव्हा, हातात पिशवी घेऊन, बाजाराला निघाल्यासारख्या. पत्र्याचे दार करकरे. गादी दबे. मग काही वेळ पावलांचा आवाजच येत नसे. मोठ्या बाईंचे वीस सेकंद अगदी बरोबर होते. कोणाला दहा लागत, कोणाला तीस, पण उभी राहिली नाही अशी एकही आई माझ्या वाट्याला आली नाही.

मग पावले हळूहळू दूर जात. मी मनात मोजत राही. वळण आले की पावले पुन्हा थांबत, आणि तेव्हा मी वाजे. ती माझी आवाज देण्याची वेळ होती, आतल्यांसाठी आणि बाहेरच्या आईसाठीही. आत सिस्टर धावे, बाळाचे रडणे उचलले जाई, आणि वळणावरची पावले निघून जात. पंधरा वर्षांत एकोणतीस बाळे माझ्या हाकेवर उचलली गेली. त्यांतली एक आई बाविसाव्या दिवशी परत आली. पुढच्या दाराने आत येऊन "मी ती" एवढेच म्हणाली. मोठ्या बाईंनी नाव विचारले नाही, दुपटे कोणत्या रंगाचे होते तेवढे विचारले. तिने सांगितले, बाळ घेतले आणि जाताना म्हणाली, "वळणावर घंटी ऐकली म्हणून मी जाऊ शकले हो. नाहीतर तिथेच पडले असते." मित्रांनो, त्या दिवशी मला इतका अभिमान वाटला की पुढचा आठवडाभर मी स्वतःला सगळ्या घंट्यांची राणी समजत होते.

मग मोठ्या बाई निवृत्त झाल्या, काका वारले, आणि नवे व्यवस्थापक आले.

साहेबांना सगळे वेळेवर लागे. ते आल्यानंतर दोन महिन्यांनी खिडकीत एक बाळ आले, अगदी अशक्त, दिवस पूर्ण न भरलेले. ते अर्ध्या तासात गेले. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले की हे तीन मिनिटांनी वाचणारे बाळ नव्हते. पण साहेब माझ्यासमोर उभे राहून म्हणाले, "तीन मिनिटं ते लेकरू एकटं पडलं होतं. ही घंटी झोपा काढत होती." खोटे कशाला सांगू, तो घाव मला अजून सलतो. डॉक्टरांचे म्हणणे मी रोज आठवते आणि रोज मला त्याची खात्री वाटतेच असे नाही.

"पण साहेब, आईला जायला वेळ नको का?" सिस्टर म्हणाल्या. "नाव विचारायचं नाही असं कायद्यात आहे."

"विचारायचं नाही असं आहे. बघायचं नाही असं कुठं लिहिलंय?"

यावर खोलीत एकच माणूस खुशीत हसले, आणि ती होती आमची फौजदार मावशी.

फौजदार मावशी म्हणजे आमची सगळ्यात जुनी आया. ती वाईट नव्हती, हे मी मुद्दाम सांगते. बाळाला न्हाऊ घालावे तर तिनेच. कितीही रडणारे मूल तिच्या पायांवर पडले की गप्प होई. पण खिडकीतून बाळ आत आले की तिच्या अंगाचा तिळपापड होई. तिचा नवरा लेक सहा महिन्यांची असताना घर सोडून गेला होता. "मी टाकली का माझी?" ती सगळ्यांना विचारी. "उपाशी राहिले, पण पोटाशी धरून वाढवली. आणि या महाराण्या! ठेवलं आणि चालल्या!" एवढे बोलून झाले की तेच बाळ ती मायेने दुपट्यात गुंडाळी.

साहेबांनी सांगितले आणि मावशी स्टुलावर चढली. तिने माझा स्क्रू पिळला. तीन मिनिटांवरून मला पंधरा सेकंदांवर आणले. काकांची रेघ तशीच राहिली, स्क्रू मात्र तिच्यापासून पार दूर गेला.

पंधरा सेकंदांत बाळंतीण कुठे पोचते, तुम्हीच विचार करा. कुठेच नाही. ती अजून उभीच असते. पहिल्याच वेळी मी वाजले तेव्हा आई खिडकीपासून हातभर अंतरावर होती, आणि मावशी मागच्या दाराने गल्लीत धावली. "थांब गं! तोंड लपवतेस कशाला? काम करताना लाज नाही वाटली?" त्या बाईची पावले पळण्याचा प्रयत्न करत होती आणि तिला पळता येत नव्हते. ती कुठल्याशा शाळेतली बाई निघाली. कायद्याप्रमाणे कोणी तिचे नाव विचारले नाही. विचारायची गरजच पडली नाही, आठ दिवसांत ते साऱ्या गावाला ठाऊक झाले. महिन्याच्या आत तिने गाव सोडले, असे मी खोलीतल्या गप्पांत ऐकले. मावशीने तिची चालण्याची नक्कल करून दाखवली आणि दोन आया पोट धरून हसल्या.

त्यानंतर आणखी एक आली, तिचीही तीच गत झाली. मग कोणी येईना. साहेबांनी वर अहवाल पाठवला की बाळे सोडून देण्याचे प्रमाण शून्यावर आले आहे. त्यांचे कौतुक झाले. माझ्या शेजारच्या भिंतीवर ते पत्र चौकटीत लावले आहे.

आता मावशीच्या लेकीबद्दल सांगते. ती रोज दुपारी साडेबाराला आईचा डबा घेऊन येई. तिच्या डाव्या चपलेच्या तळाला खिळा ठोकून घेतला होता, त्यामुळे चालताना एक पाऊल गप्प आणि एक 'टक्' असे वाजे. मी तिला टकटक म्हणे. टकटक गल्लीतूनच येई, मागच्या दाराने आत शिरे, डबा उघडी, आणि आई जेवेपर्यंत माझ्या खाली स्टुलावर बसून राही. आवाज लहान, पण हसली तर डब्याची झाकणे खुळखुळल्यासारखी हसे. आईच्या नकला तिला घरी रोज संध्याकाळी ऐकाव्या लागत, आणि इथे दुपारी पुन्हा. सुरुवातीला ती हसत असे. पुढे हसेनाशी झाली.

"काय गं, किती सुटलीस!" मावशी एकदा सगळ्यांसमोर म्हणाली. "नुसती खा खा सुटलीय हिला. सिस्टर, बघा कसा भोपळा झालाय माझा!"

रोज पोटे बघण्यात जिचा जन्म गेला, तिला घरचे पोट दिसले नाही. सिस्टरांच्या हातातले कात्री-चिमट्यांचे तबक जरा वाजले, एवढेच मी ऐकले. तो कोण होता हे मला विचारू नका. त्याची पावले आमच्या गल्लीत कधीही आली नाहीत.

आणि मग तो दिवस आला. त्या दुपारी डबा आला नाही. "सकाळी अंग तापल्यासारखं वाटतंय म्हणत होती कार्टी," मावशी कुरकुरली. "पडली असेल लोळत. आईच्या पोटात आग पडलीय त्याचं आहे का काही!" मावशी सकाळी सातला घराबाहेर पडे ती संध्याकाळी सातनंतरच परत जाई. तेवढ्या वेळात त्या मुलीने एकटीने काय केले असेल, कशी उठली असेल, कशी चालली असेल, हे मी तुम्हाला सांगू शकत नाही. मी तिथे नव्हते. मला एवढेच ठाऊक आहे की तीनच्या सुमारास गल्लीत पावले वाजली. एक गप्प, एक टक्. मध्ये खूप वेळ. पुन्हा एक गप्प, एक टक्.

माझ्या तारेतून काटा सरकला. मी तिला लगेच ओळखले.

कायदा पूर्णपणे तिच्या बाजूने होता. तिचे बाळ सुखरूप होते, त्याच्या अंगावर ओरखडाही नव्हता. पत्र्याचे दार करकरले आणि गादी दबली. माझी चाके सुरू झाली. मित्रांनो, उशीर करायला जन्मलेल्या माझ्यासारख्या घंटीने त्या पंधरा सेकंदांत काय काय करून पाहिले! चाके अडकावीत, स्प्रिंग तुटावी, हातोडी गळून पडावी. काही झाले नाही. काकांनी मला फार चांगली घडवली होती.

ती उभी राहिली. दहा सेकंद झाली असतील. आतून मावशी कोणाशी तरी मोठ्याने बोलत होती, तो आवाज खिडकीतून तिच्यापर्यंत गेला. त्याच क्षणी गादी हलकी झाली. तिने बाळ पुन्हा उचलले. टक् आवाज वखारीच्या बाजूला घाईघाईने गेला, आणि मी वाजले.

मावशी धावली. गल्लीत कोणी नव्हते. खिडकी उघडली तर गादी रिकामी.

"कोण गं ती मेली! रिकामी खिडकी वाजवून पळतेय! माझी चेष्टा करतेय!"

चिडलेली मावशी परत आत आलीच नाही. तिने आतून स्टूल मागवले आणि खिडकीशेजारी गल्लीतच ठाण मांडले. परत येऊ दे, झिंज्याच धरते, म्हणाली. चांगले तीन तास तिने तिथे पहारा केला, आणि वखारीच्या भिंतीमागे तिची लेक बाळाला घेऊन उभी होती. दोघींमध्ये एक भिंत आणि तीस-चाळीस पावले होती. टक् आवाज एकदा भिंतीच्या कोपऱ्यापर्यंत येई आणि परत फिरे. असे तीन वेळा झाले. चौथ्यांदा आवाज आला नाही.

साडेचारच्या सुमारास ते बाळ रडले. बारीक, पण चांगले खणखणीत. मी ऐकले. मावशीनेही ऐकले. पण प्रसूतिगृहात रडणे म्हणजे काय, दिवसभर चालूच असते. तिने मान वळवून सिस्टरांच्या खोलीच्या दिशेने हाक मारली, "अहो, वॉर्डात कोणाचं लेकरू किंचाळतंय बघा जरा! भुकेलंय बिचारं. आया झोपल्यात की काय!"

सिस्टरांनी वॉर्डात जाऊन पाहिले. तिथे चार बाळे रडत होती. त्यांना दूध पाजले गेले.

मावशीच्या आधी लेकीला घरी पोचायचे होते. तापाने पडलेली मुलगी घरी नाही असे दिसले असते तर काय झाले असते, ते तिला माझ्यापेक्षा चांगले ठाऊक होते. सहाच्या आधी केव्हातरी टक् आवाज भिंतीमागूनच वळणाच्या बाजूला निघून गेला, एकटाच. तिने बाळ वखारीतल्या लाकडाच्या भुशात ठेवले होते. भुशाला खळगा करून, चारही बाजूंनी भुसा लावून, वर स्वतःची ओढणी घालून. भुसा ऊब धरतो असे तिला वाटले असणार. त्या रात्री थंडी होती.

सकाळी वखारीतली माणसे कामाला आली तेव्हा बाळ सापडले. मुलगा होता. त्यांनी धावतपळत त्याला आमच्याकडेच आणले. डॉक्टरांनी तपासले आणि बाजूला झाले. मग अशा वेळी जे काम आयांकडे येते ते मावशीकडे आले. तिने त्याला पुसले, दुपट्यात गुंडाळले. तिच्याइतकी हलक्या हाताची दुसरी कोणी नव्हती. ओढणी पोलिसांनी आधीच नेली होती, आणि बाजारात तसल्या शेकडो मिळतात.

"अंग किती स्वच्छ पुसलं होतं हो त्याचं," मावशी कोणालातरी म्हणाली. तिचा आवाज क्षणभर वेगळा झाला. मग लगेच पहिल्यासारखा. "पन्नास पावलांवर खिडकी होती. पन्नास पावलं चालवलं नाही रांडेला?"

मित्रांनो, हा शब्द तुमच्यासमोर काढायला नको होता. पण आपल्या नातवाला गुंडाळताना आजी काय बोलली, ते जसेच्या तसे तुम्हाला कळायला हवे.

चौथ्या दिवशी साडेबाराला पुन्हा टक् आवाज आला. हळू. मावशीने लेकीला बसवले, कपाळाला हात लावला, "ताप उतरलाय, पण तोंड बघ केवढंसं झालंय" असे म्हणाली, आणि जेवता जेवता सगळी हकिगत सांगायला बसली. कसा सापडला, कसा निळा पडला होता, हाताच्या मुठी कशा वळलेल्या होत्या. मावशीला गोष्ट सांगताना काही गाळता येत नसे.

"अशा बाईला जिवंत गाडलं पाहिजे," ती शेवटी म्हणाली. "नाही का गं?"

स्टुलावरून आवाज आला, "भाजी गार होतेय, आई."

मावशी जेवून हात धुवायला बाहेर गेली. खोलीत आम्ही दोघीच उरलो. टकटक स्टुलावर चढली. तिचा श्वास माझ्या अगदी जवळ आला. तिने माझ्यावर बोट फिरवले, तशी काकांनी ओढलेली रेघ तिला लागली. रेघ कशाची हे तिला ठाऊक होते, आईनेच घरी दहा वेळा सांगितले होते. तिने चिमटीत स्क्रू धरला. स्क्रू दोनदा निसटला. तिसऱ्यांदा फिरला. रेघेवर येऊन थांबला. मग ती खाली उतरली, डबा बांधला आणि आईला "येते" म्हणून गेली.

कोणाच्या काही लक्षात आले नाही. येणारेच कोणी नव्हते, तर माझा उशीर कळणार कोणाला?

दोन महिन्यांनी एका दुपारी अनोळखी पावले आली. जड, फरपटणारी. दार करकरले, गादी दबली. मी गप्प. ती उभी राहिली. मी गप्प. पावले निघाली, थांबली, निघाली, वळणाला पोचली. तेव्हा मी वाजले. आयुष्यात इतक्या जोरात मी कधी वाजले नव्हते. मावशी धावत गल्लीत गेली आणि हात हलवत परत आली. "कोणीच नाही! हवेत विरघळली की काय बया?" गादीवर एक मुलगी होती, गरम, लाल, भुकेली. ती आता वॉर्डात दूध पिते आणि फौजदार मावशीच तिला न्हाऊ घालते. तिच्या आईचे नाव आजही कोणाला माहीत नाही.

पण साहेब गप्प बसणाऱ्यांतले नव्हते. त्यांनी गादीवर पाण्याची कळशी ठेवून मनगटावरच्या घड्याळात बघितले. तीन मिनिटे. "ही म्हातारी झाली," ते म्हणाले. "सुस्तावली. काढून टाका." कोणी स्क्रूकडे पाहिले नाही. मी चुकले म्हणून नव्हे, मित्रांनो, मी माझे काम बरोबर केले म्हणून मला काढून टाकत आहेत. सोमवारी नवी विजेची घंटी येतेय. ती दार उघडताच वाजेल. सोबत खिडकीवर कॅमेराही लागणार आहे, बाळाच्या सुरक्षिततेसाठी म्हणे. त्याचे तोंड मात्र गादीकडे नाही, गल्लीकडे आहे, असे तो बसवायला आलेला माणूस बोलून गेला.

भंगारात गेले असते तर मी कुरकुर केली नसती. पण काल दुपारी मावशी साहेबांना म्हणाली, "ही मला द्या ना साहेब. घरच्या दाराला लावते. मधली चाकं काढून टाकते, म्हणजे बोट ठेवलं की वाजेल. लेक दिवसभर एकटी असते, आणि हल्ली फार भित्री झालीय. नुसती कडी वाजली तरी दचकून उठते. घंटी असली म्हणजे बरं."

साहेब हो म्हणाले. टकटक तेव्हा माझ्या खालीच होती. डब्याचे झाकण तिला बराच वेळ लावता येईना.

मित्रांनो, तुमच्याकडे माझे एकच मागणे आहे. मला तेलपाणी करा, पुसून ठेवा असे मी म्हणत नाही. कधी एखादी बाई भिंतीला धरून हळूहळू चाललेली दिसली, तर तिच्या तोंडाकडे बघू नका. दुसरीकडे बघा आणि मनातल्या मनात तीन मिनिटे मोजा. कंटाळा आला तरी मोजा, मध्येच सोडू नका. मग खुशाल धावा, पण बाळाकडे धावा.

माझ्या हातून आता तेवढाही उशीर होणार नाही. सोमवारी सव्वासातला मावशी घरी पोचेल, मधली चाके काढून मला दाराला लावेल, कौतुकाने माझ्यावर बोट ठेवेल, आणि आत बसलेल्या त्या मुलीच्या कानात मी लगेच वाजेन.